दोर ठाऊक असतानाची भीती

व्हिया फेराटा म्हणजे कड्यावर कायमची बसवलेली लोखंडी वाट. खडकात ठरावीक अंतरावर मेखा पुरून त्यांना पोलादी दोर ताणलेला असतो. जिथे पाय टेकायला जागा नाही, तिथे लोखंडी आकडे किंवा शिड्या ठोकलेल्या असतात. चढणाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या हार्नेसला पुढून दोन आखूड पट्टे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक कॅराबिनर, म्हणजे दाबून उघडणारे धातूचे कडे. दोन्ही कॅराबिनर दोराला अडकवून पुढे सरकायचे. मेख आली की एक काढून मेखेपलीकडे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकाच वेळी कधीही काढायचे नाहीत. हा नियम पाळणारा आणि साहित्य धड असलेला माणूस दरीच्या तळाशी जाऊन पडत नाही. हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी त्याचे पाय लटपटतात. या लटपटण्यातून तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उभा राहतो: माणसाला एखादी गोष्ट कळली आहे, असे कधी म्हणायचे?

अशा वाटा काही नव्या नाहीत. ऑस्ट्रियात डाखस्टाइन शिखराच्या वाटेवर फ्रीड्रिख सिमोनी या भूगोलतज्ज्ञाने १८४३ साली मेखा आणि दोर बसवून घेतले. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, डोलोमाइट पर्वतांत इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या फौजा समोरासमोरच्या शिखरांवर ठाण मांडून होत्या. माणसे, शिधा आणि दारूगोळा वर चढवण्यासाठी त्यांनी कड्यांना शिड्या आणि दोर लावले. महाराष्ट्रातल्या भटक्यांनाही लोखंडाचा आधार परका नाही. कळसूबाईच्या शिड्या आहेत, शिवनेरीची साखळीची वाट आहे. मात्र कळसूबाईच्या शिडीवर कमरेला पट्टा नसतो. तिथे भिणाऱ्याच्या भीतीला सरळ कारण आहे: हात सुटला तर तो पडेल. व्हिया फेराटावर ते कारण बरेचसे काढून घेतलेले असते आणि भीती मागे उरते. म्हणूनच ती तिथे तपासून पाहता येते.

इटलीच्या त्रेंतिनो भागात, गार्दा सरोवराच्या उत्तरेला, द्रेना नावाचे गाव आहे. तिथल्या मध्ययुगीन किल्ल्याखालून रिओ सालागोनी हा ओढा वाहतो आणि त्याने कापलेल्या अरुंद घळईतून एक व्हिया फेराटा किल्ल्याच्या दिशेने चढत जाते. आरंभालाच उभा, गुळगुळीत कडा लागतो. तो लोखंडी आकड्यांवर पाय देत चढला की वाट घळईत शिरते. दोन्ही भिंती जवळ येतात, आभाळाची पट्टी उरते, खडक ओलसर होतो. एका भिंतीवरून दुसरीकडे जायला दोरांचे पूल आहेत: पायाखाली पोलादी दोर आणि हातांना धरायला दोर, मध्ये सगळे मोकळे.

घळईतली भीती उघड्या कड्यावरच्या भीतीहून थोडी निराळी असते. माणूस उभा असताना त्याचे शरीर सतत किंचित झुलत असते. त्या झुलण्याने जवळच्या वस्तू नजरेत सरकतात आणि तेवढ्यावरून मेंदू तोल सावरतो. उघड्या कड्यावर जवळ काहीच नसते. दूरच्या डोंगराचे सरकणे डोळ्यांना जाणवत नाही, झुलणे वाढते, भोवळ येते. घळईत समोरची भिंत जवळ असल्यामुळे हा त्रास कमी होतो. पण पुलावर पाऊल टाकून खाली पाहिले की दुसरीच अडचण येते. वाहते पाणी नजर भरून टाकते आणि वाटू लागते की पाणी स्थिर आहे, आपणच बाजूला सरकत आहोत. भरल्या ओढ्यातून चालत गेलेल्या कोणालाही हा अनुभव असतो. पाय नकळत उलट्या बाजूला भार देतो आणि दोर हलतो. इथे बुद्धीची काही चूक झालेली नाही. दोर किती भार पेलतो याचा तिचा हिशेब बरोबर आहे. डोळे मात्र दुसरीच खबर देत आहेत आणि शरीर डोळ्यांचे ऐकते आहे.

तत्त्वज्ञांनी हा प्रसंग फार पूर्वीच हेरला होता. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न सीनाने फळीचे उदाहरण दिले: जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून माणूस सहज चालतो, तीच फळी दरीवर टाकली तर त्याचा पाय उचलत नाही, कारण पडण्याची कल्पनाच त्याच्या शरीराला पाडण्याकडे ओढते. सोळाव्या शतकात मोंतेनने एका तत्त्ववेत्त्याला बारीक तारांच्या, मोठ्या भोकांच्या पिंजऱ्यात घालून पॅरिसच्या नोत्र दामच्या मनोऱ्यावरून टांगले, अर्थात कागदावर. आपण पडणे अशक्य आहे हे त्या तत्त्ववेत्त्याला स्वच्छ दिसते, तरी खालची खोली पाहून त्याची गाळण उडते. पुढच्या शतकात पास्कालने फळीवरचा माणूस पुन्हा उभा केला आणि कल्पनेपुढे बुद्धीचे काही चालत नाही याचा तो पुरावा मानला. १७३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डेव्हिड ह्यूमने उंच मनोऱ्याबाहेर टांगलेला लोखंडी पिंजरा घेतला.

या चौघांत ह्यूमचे विश्लेषण सर्वांत खोल जाते. लोखंड भार पेलते हे माणूस अनुभवाने शिकतो आणि आधाराविना उंचीवरून वस्तू खाली पडते हेही अनुभवानेच शिकतो. दोन्ही सवयीच. दुसरी सवय इतकी मुरलेली असते की परिस्थितीत तिला छेद देणारी गोष्ट समोर असली तरी ती आपले काम करून जाते. म्हणजे ह्यूमच्या मते बुद्धी आणि भीती या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी नाहीत. त्या एकाच मातीतल्या आहेत आणि एक दुसरीवर मात करते. पास्कालने बुद्धीचा जो पराभव पाहिला, तो ह्यूमच्या नजरेतून जुन्या सवयीने नव्या सवयीवर केलेली मात ठरतो. हे पटण्यासारखे आहे. अमेरिकेतील तत्त्ववेत्त्या तमार गेंडलर यांनी २००८ मध्ये मुरलेल्या सवयीच्या या थराला स्वतंत्र नाव दिले. ग्रँड कॅन्यनच्या काठाबाहेर काढलेल्या काचेच्या पुलावर कचरणारा पर्यटक हे त्यांचे उदाहरण. काच मजबूत आहे असे तो मानतो, पण त्याच्या आतला दुसरा थर दरी पाहून मागे सरकतो. या मांडणीने दोन थर नीट वेगळे दिसतात. खालचा थर बदलतो कसा, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

भारतीय परंपरेत हा प्रश्न दोरी आणि सापाच्या दृष्टांतातून आला. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा आहे. अंधूक उजेडात दोरी साप वाटते, माणूस कापू लागतो. ती दोरी आहे असे कळले की भीती जाते. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या आरंभीच्या चर्चेत शंकराचार्यांपुढे पूर्वपक्षी, म्हणजे विरुद्ध बाजू मांडणारा, नेमकी हरकत घेतो. दोरीचे ज्ञान होताच कापणे थांबते हे खरे, पण ब्रह्माविषयी ऐकून घेतलेला माणूस पूर्वीसारखाच सुखदुःखात बुडालेला दिसतो. मग नुसत्या ज्ञानाने काय साधले? आचार्यांचे उत्तर कडक आहे. जो पूर्वीसारखाच राहिला त्याला कळलेलेच नाही. ज्याला खरोखर कळले तो पूर्वीसारखा राहत नाही.

हे उत्तर घळईतल्या माणसाला लावले तर निकाल त्याच्याविरुद्ध जातो. तो कापतो आहे, तेव्हा दोर पेलेल हे त्याला कळलेले नाही. त्याने ते फक्त ऐकले आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. दोर किती किलोन्यूटनला तुटतो हे पाठ म्हणून दाखवणारे पुष्कळ जण त्याच दोरावर अंगाचा भार टाकायला तयार नसतात, आणि त्यांना दोर कळला आहे असे म्हणवत नाही.

पण हाच निकाल शेवटचा नाही. भाष्याच्या चौथ्या अध्यायात आचार्य स्वतःच त्याला मुरड घालतात. बाधित झालेले मिथ्याज्ञानही संस्कारामुळे काही काळ चालू राहते, असे ते तिथे सांगतात आणि दाखला देतात डोळ्यांच्या दोषामुळे दोन दिसणाऱ्या चंद्राचा. चंद्र एकच आहे हे माहीत असूनही तो दोनच दिसत राहतो. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या पंचदशीत ही बाजू अधिक उघडपणे येते. दोरी ओळखल्यानंतरही अंगाची थरथर लगेच थांबत नाही, ती हळूहळू शमते. आणि ती चालू आहे एवढ्यावरून ज्ञान झालेच नाही असे ठरत नाही. पंचदशीकाराने इथे माणसाचे शरीर जवळून पाहिले आहे. पिंजऱ्यातला तत्त्ववेत्ता कापतो म्हणून त्याचे ज्ञान खोटे, असा निवाडा देण्याची घाई त्याने केलेली नाही. योगसूत्रांतही जगण्याला चिकटून राहण्याची ओढ, म्हणजे अभिनिवेश, हा क्लेश विद्वानालाही सुटत नाही असे सांगितले आहे. पतंजलींना तो अज्ञान्यांपुरता वाटला असता तर विद्वानांचा वेगळा उल्लेख करण्याचे कारण नव्हते.

कापणे हा अज्ञानाचा पुरावा नसेल, तर ज्ञान झाले आहे हे ओळखायचे कशावरून? इथे व्हिया फेराटा पिंजऱ्यापेक्षा आणि दोरी-सापाच्या दृष्टांतापेक्षा अधिक शिकवते. मोंतेन आणि ह्यूम यांचा माणूस पिंजऱ्यात नुसता बसलेला आहे. त्याची सुरक्षितता लोहाराने आधीच तयार करून ठेवली आहे. त्याने काही केले न केले तरी तिच्यात फरक पडत नाही. दोरीला साप समजणाराही लांबून पाहणाराच आहे. घळईतल्या माणसाची सुरक्षितता मात्र दर मेखेपाशी त्याच्या स्वतःच्या हातांनी नव्याने तयार होते. कॅराबिनरची कडी दाबायची, दोर आत घ्यायचा, कडी पुरती मिटल्याचा आवाज ऐकायचा, पट्टा हलकेच ओढून पाहायचा, मग दुसरा काढायचा. हात कापत असताना हा क्रम न चुकवणारा माणूस दोर जाणतो. ज्याचे हात स्थिर आहेत पण जो गप्पांच्या नादात दोन्ही कॅराबिनर एकदम काढतो, तो जाणत नाही. अशा ठिकाणी ज्ञानाची खूण करण्यात शोधावी लागते. अंगाची थरथर त्याबद्दल फारसे काही सांगत नाही.

मोंतेनच्या त्या प्रसंगात एक छोटी पुस्ती आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या तत्त्ववेत्त्याला छपरे शाकारणाऱ्या कारागिरांच्या कामाची सवय नसेल तर तो भिईल, असे मोंतेन म्हणतो. म्हणजे खालच्या थरापर्यंत पोचण्याचा मार्ग त्यालाही दिसत होता. शाकारणारा युक्तिवादाने निर्भय झालेला नसतो. रोज छपरावर काम करता करता त्याच्या शरीराला उंची परिचयाची होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन आवरण्यासाठी अभ्यास आणि वैराग्य सांगितले आहे. त्यातला अभ्यास हा शब्द मराठीत पुस्तकांपुरता आक्रसला असला, तरी मूळ अर्थाने तो शाकारणाऱ्याच्या दिनक्रमाच्या जवळचा आहे.

मात्र सवयीवर सगळे सोपवता येत नाही. पास्कालने श्रद्धा हवी असूनही ती येत नाही अशा माणसाला सल्ला दिला की श्रद्धावंतांसारखे वागू लाग, मंत्रजल घे, प्रार्थनेला जा, मन मागून येईल. मन येतेही. पण सवय जशी खऱ्याकडे नेते तशीच खोट्याकडेही नेते. वीस वाटा चढलेल्या माणसाचे मन कॅराबिनर लावलेला असताना जेवढे शांत असते, तेवढेच तो लावायचा राहून गेला असतानाही शांत असते. सवयीने आलेली शांती दोराची खबर देत नाही. म्हणूनच उपनिषदांनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम ठेवला. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला तो सांगतात. ऐकलेले आधी तर्काने तपासायचे, मगच अंगी मुरवायचे. मधली पायरी गाळून थेट मुरवण्याकडे जाणारी श्रद्धा बलवान असू शकेल, पण ती कशावर उभी आहे हे तिला स्वतःलाही सांगता येणार नाही.

या मधल्या पायरीचे महत्त्व साहित्याच्या इतिहासातही दिसते. व्हिया फेराटावर पडणारा माणूस दोराबरोबर घसरत खालच्या मेखेपर्यंत जातो आणि तिथे अडकतो. मेखांत चार-पाच मीटर अंतर असेल, तर मीटरभर लांबीच्या पट्ट्यावर तेवढ्या पडण्याचा सगळा हिसका एकदम येतो. नेहमीच्या दोराच्या चढाईत पडण्याची उंची आणि मोकळ्या दोराची लांबी यांचे गुणोत्तर दोनच्या वर जात नाही. इथे ते त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणून पट्ट्यांना हिसका शोषणारी शिवण जोडलेली असते. ती टाके टाके उसवत जाते आणि वेग मारते. २०१२ साली ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात एका अपघातात लवचीक पट्ट्यांच्या संचाचे दोन्ही पट्टे तुटून माणूस दगावला. वारंवार ताणून ताणून त्या पट्ट्यांची ताकद घटत होती, हे नंतरच्या तपासात पुढे आले. त्या धर्तीचे अनेक संच परत मागवले गेले आणि युरोपीय मानकातल्या चाचण्या कडक झाल्या. अपघातापूर्वी ते संच वापरणाऱ्यांचा विश्वास अवाजवी नव्हता, तेव्हाच्या माहितीप्रमाणे तो योग्यच होता. पण मनन एकदा करून संपत नाही, हे तिथे एका जिवाची किंमत देऊन कळले. धर्माच्या क्षेत्रात असे परत मागवणे कठीण असते. श्रद्धेची कसोटी कशावर घ्यायची याबद्दलच एकमत नसते आणि परीक्षा मागणे हाच अनादर मानला जातो. दोरावरचा विश्वास आणि देवावरची श्रद्धा यांना एका मापाने मोजता येत नाही हे खरे. पण तपासणीला सामोरे गेल्याने श्रद्धा मलिन होते, हे म्हणणे निदान श्रवण-मननाच्या परंपरेला मान्य नाही.

भीतीची आणखी एक गोम आहे: ती चुकीच्या दिशेला तोंड करून उभी असते. घळईत खरा धोका खोलीचा नसतो. वरच्या डोंगरात पाऊस झाला तर घळईत ऊन असतानाही पाणी झपाट्याने चढते. गडगडाट सुरू झाला तर शेकडो मीटर लोखंडाला बांधून घेतलेला माणूस विजेच्या वाटेत उभा असतो. वरून दगड सुटतात. हात थकतात. यातल्या कशानेही पाय लटपटत नाहीत. दूरवरच्या ढगाकडे पाहून कोणाला भोवळ येत नाही. ज्या खोलीपासून दोराने सोडवले आहे तिच्यासमोर शरीर कापते आणि ज्यांपासून दोर सोडवू शकत नाही त्या गोष्टींसमोर ते निवांत असते. तेव्हा भीतीला मूर्ख म्हणून हाकलणे जितके चूक, तितकेच तिला शहाणी वाटाडी मानणेही चूक. पडण्यापेक्षा ती दुसऱ्याच रीतीने घात करते: भ्यालेला माणूस दोर नको तितका आवळून धरतो, पायांऐवजी हात भार घेतात, थोड्या वेळात बोटे मिटेनाशी होतात. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात व्हिया फेराटावरून येणाऱ्या मदतीच्या हाकांत अशांचा वाटा मोठा असतो. त्यांना इजा झालेली नसते, पट्टे दोराला लावलेले असतात, पण वर जाणे होत नाही आणि खाली येणेही होत नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायातली दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. ॲरिस्टॉटल मात्र भूकंपाला आणि लाटांनाही न भिणाऱ्याला शूर म्हणायला तयार नाही. तो त्याला वेडा किंवा वेदनेलाही बधिर म्हणतो. हा विरोध वरवरचा आहे. भीती उठतच नाही अशी अवस्था अभयाचा अर्थ मानली, तर ती बधिरतेपासून वेगळी काढणे अवघड जाते. उठलेल्या भीतीने कृतीचा ताबा घेऊ नये असा अर्थ घेतला, तर ॲरिस्टॉटलच्या शूराशीही अभयाचे जुळते. पंचदशीचा थरथरता ज्ञानीही त्यात बसतो.

अडकून पडलेल्या माणसाला सोडवताना अनुभवी वाटाडे काय करतात, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दोर कसा मजबूत आहे हे ते सांगत बसत नाहीत. खाली बघू नको असे म्हणणेही फारसे उपयोगी पडत नाही. ते त्याच्या हार्नेसला तिसरा, अगदी आखूड पट्टा लावतात, तो मेखेजवळ दोरात अडकवतात आणि त्याला मागे टेकून बसायला सांगतात, खुर्चीत बसावे तसे, हात सोडून. बहुतेकांना हे पहिल्या सांगण्यावर जमत नाही. आधी गुडघे वाकतात, मग थोडा भार जातो, मग पट्टा ताणला जातो आणि हार्नेस मांड्यांना काचतो. दोर हलत नाही. बोटे सुटतात, हातांत रक्त फिरते, श्वास लांब होतो. पाच-दहा मिनिटांनी वाटाड्या पुढची मेख दाखवतो आणि कॅराबिनर त्यालाच लावायला देतो. पुष्कळजण तिथून पुढे स्वतः चढून जातात. काहींची थरथर तरीही उतरत नाही. त्यांना वाटाड्या स्वतःच्या आखूड दोराला बांधून एकेक मेख पार करवतो, आणि तेही होत नसेल तर वरून बचावपथक बोलावतो.